शिडी धरणारे हात

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकविणारे एक वृद्ध फादर होते. ‘दुसऱ्याच्या पापातील सहकार्य’ हा विषय शिकविण्याची त्यांची रीत ठरलेली होती. ते फळ्यावर एक घर काढीत, घराला वरच्या मजल्यावर एक खिडकी आणि त्या खिडकीला टेकविलेली एक शिडी. मग आमच्याकडे वळून विचारीत, ‘‘मालक रात्री परक्या घरात शिरतो आहे. त्याचा हेतू वाईट आहे. नोकर खाली शिडी धरून उभा आहे. त्याला घरातले काही नको. आपली चाकरी जाऊ नये एवढेच हवे आहे. सांगा, नोकर दोषी की निर्दोष?’’ आम्ही विद्यार्थी दोन तट पाडून भांडत असू. आमचे भांडण पुरेसे तापले की फादर सांगत : सतराव्या शतकात काही सैल नीतिपंडितांनी असे मत मांडले होते की, मालकाच्या रोषाच्या भयाने शिडी वाहणारा, खांदा देणारा किंवा दार उघडून देणारा नोकर गंभीर पाप करीत नाही. पोप अकरावे इनोसंट ह्यांनी १६७९ साली जी अनेक मते त्याज्य ठरविली, त्यांत हेही एक होते.

तो फळा मी जवळजवळ विसरलो होतो. गेल्या पावसाळ्यात दोन इंग्रजी पुस्तके लागोपाठ वाचली आणि ती शिडी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. पहिले पुस्तक मानववंशशास्त्रज्ञ अल्पा शाह ह्यांचे ‘द इन्कार्सरेशन्स’ (२०२४), म्हणजे ‘बंदिवास’. दुसरे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ह्यांचे छोटेखानी आत्मकथन ‘आय ॲम नॉट अ सायलेंट स्पेक्टेटर’, म्हणजे ‘मी मूक प्रेक्षक नाही’. बंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटने ते ऑगस्ट २०२१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध केले. ह्या दोन पुस्तकांविषयी, आणि त्यांतून निर्माण होणाऱ्या एका प्रश्नाविषयी, वाचकांशी बोलावे असे मनात आहे. प्रश्न साधा आहे. सत्ता जेव्हा नागरिकाच्या घरात डोकावते, तेव्हा तिच्यासाठी शिडी कोण धरतो? आणि त्याला आपण काय म्हणायचे?

प्रथम हकीकत सांगितली पाहिजे. कारण आपल्या अनेक घरांत ती तुकड्यातुकड्यांनीच पोहोचली आहे. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे हिंसाचार झाला. आदल्या दिवशी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद भरली होती. पुणे पोलिसांनी त्या परिषदेचा धागा धरून माओवादी कटाचा गुन्हा उभा केला. पुढे जानेवारी २०२०मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. वकील, प्राध्यापक, कवी, कलावंत, कामगार कार्यकर्ते अशा एकूण सोळा जणांना अटक झाली. सोळावे होते फादर स्टॅन. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीजवळच्या ‘बगाइचा’ ह्या त्यांच्या निवासातून त्यांना नेण्यात आले, तेव्हा त्यांचे वय ८३ वर्षांचे होते आणि कंपवाताने हात थरथरत होते. हातात पेला धरवत नाही म्हणून नळीचा पेला मिळावा, ह्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. तळोजा कारागृहात त्यांची प्रकृती ढासळत गेली. ५ जुलै २०२१ रोजी, त्यांच्या जामीनअर्जाची सुनावणी उच्च न्यायालयात चालू असताना, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांनी देह ठेवला.

आता मुख्य मुद्दा. ह्या खटल्याचा मोठा आधार संगणकांत सापडलेली पत्रे व दस्तऐवज हा आहे. आरोपींच्या वकिलांनी संगणकांच्या प्रती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आर्सेनल कन्सल्टिंग ह्या तज्ज्ञ संस्थेकडे तपासणीस दिल्या. तिचे अहवाल फेब्रुवारी २०२१ पासून येऊ लागले. रोना विल्सन ह्यांच्या संगणकात कोणी अज्ञात इसम २२ महिने शिरून बसला होता आणि आरोपपत्रात उल्लेखिलेली किमान १० पत्रे त्यानेच तेथे ठेवली, असा पहिल्या अहवालाचा निष्कर्ष होता. पुढे सुरेंद्र गडलिंग ह्यांच्या संगणकाविषयी तसाच अहवाल आला. डिसेंबर २०२२ मध्ये फादर स्टॅन ह्यांच्या संगणकाचा अहवाल आला, तेव्हा ते कबरीत होते. त्या अहवालाप्रमाणे त्यांच्या संगणकात २०१४ पासून घुसखोरी चालू होती. १२ जून २०१९ रोजी पोलिसांनी तो संगणक जप्त केला. आदल्या दिवशी, ११ जूनला, घुसखोराने आपल्या पाऊलखुणा पुसण्याची धावपळ केली. अटकेपूर्वी केलेल्या ध्वनिचित्रफितीत फादरांनी सांगितलेच होते की, माझ्या संगणकातले म्हणून जे कागद मला दाखविले गेले, ते माझे नाहीत.

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही सांगतो. तपास यंत्रणेने ह्या अहवालांची विश्वासार्हता नाकारली आहे. घुसखोर कोण होता हे आर्सेनलने म्हटलेले नाही. जून २०२२ मध्ये ‘वायर्ड’ ह्या अमेरिकन नियतकालिकाने काही संगणकतज्ज्ञांच्या आधारे त्या घुसखोरीचा संबंध पुणे पोलिसांतील एका अधिकाऱ्याशी जोडला; परंतु त्या आरोपावरही साक्षीपुराव्यानिशी न्यायनिर्णय झालेला नाही. समीक्षकाने न्यायाधीशाची खुर्ची बळकावू नये. मात्र एक गोष्ट कोणाच्याही निकालावर अवलंबून नाही. घुसखोराने वापरलेले हत्यार कोणते होते आणि ते कोठून आले, हे आपल्याला ठाऊक आहे.

त्या हत्याराचे नाव ‘नेटवायर’. ते एखाद्या गुप्त शस्त्रागारात घडविलेले नव्हते. इंटरनेटवरच्या एका दुकानात ते उघडउघड विकले जाई. ‘दूरवरून संगणक सांभाळण्याचे साधन’ अशी त्याची जाहिरात होती आणि कोणीही पैसे भरून ते घ्यावे. ते दुसऱ्याच्या संगणकात शिरले की टंकलेले प्रत्येक अक्षर, प्रत्येक परवलीचा शब्द विकत घेणाऱ्यापर्यंत पोहोचत असे. शिवाय त्या संगणकात बाहेरून नवे कागद ठेवता येत. वर्षानुवर्षे हा व्यापार चालला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने ते दुकान बंद पाडले आणि दुकान चालविण्याच्या संशयावरून एका माणसाला क्रोएशियात अटक झाली. फादर स्टॅन जाऊन तेव्हा पावणेदोन वर्षे झाली होती. त्या विक्रेत्याने रांचीचे नाव ऐकले असेल का? बहुधा नाही. त्याने फक्त शिडी विकली. कोणाच्या खिडकीला ती टेकविली गेली, हे त्याने विचारले नाही.

दुसरा विक्रेता ह्याहून प्रतिष्ठित आहे. इस्रायलमधील एनएसओ ह्या कंपनीचे ‘पेगासस’ मोबाइलमध्ये शिरते. मालकाने काही दाबलेही नसले तरी शिरू शकते. कंपनीचे म्हणणे असे की, आम्ही फक्त सरकारांना विकतो आणि तेही दहशतवाद व गुन्हेगारी रोखण्यासाठी. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कंपनीने ह्या कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. सुमारे १४०० मोबाइल आमच्या व्यवस्थेचा गैरवापर करून लक्ष्य केले गेले, असा तिचा आरोप होता. त्यांत भारतातील शंभराहून अधिक व्यक्ती होत्या, आणि भीमा कोरेगाव खटल्यातील आरोपींची बाजू मांडणारे नागपूरचे वकीलही होते. आपल्या सरकारने पेगासस घेतल्याचे मान्य केलेले नाही आणि स्पष्टपणे नाकारलेलेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये चौकशी समिती नेमली. तिने २९ मोबाइल तपासले. पाचांत काही घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच होते असे ठामपणे सांगता आले नाही. आणि सरकारने आपल्याला सहकार्य केले नाही, असे समितीने नोंदविले. कॅलिफोर्नियातील दाव्यात मात्र डिसेंबर २०२४ मध्ये एनएसओ जबाबदार ठरली. मे २०२५ मध्ये ज्यूरीने १६ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक दंड सुनावला. पुढे न्यायाधीशांनी तो सुमारे ४० लाखांवर आणला, परंतु व्हॉट्सॲपच्या वाटेने पुन्हा कोणाच्या मोबाइलमध्ये शिरण्यास कंपनीला कायमची मनाई केली. शिडी धरणाऱ्याला न्यायालयाने दोषी म्हटले, अशी ही दुर्मीळ घटना आहे.

अल्पा शाह ह्यांच्या ग्रंथाचे मोठेपण कशात आहे? पाळत माणसाची फाइल करते. त्याच्या बोलण्याचे उतारे होतात, भेटींच्या तारखा होतात, मित्रांच्या याद्या होतात. माणूस तेवढा गळून पडतो. शाह ह्यांनी ही क्रिया उलटी फिरविली आहे. फायलींतून त्यांनी माणसे परत मिळविली आहेत. सुधा भारद्वाज, आनंद तेलतुंबडे, शोमा सेन, आणि अर्थात फादर स्टॅन. प्रत्येकाला त्यांनी कोठडीपूर्वीचे आयुष्य परत दिले आहे. शाह ह्यांचा झारखंडचा अभ्यास जुना आहे, आणि फादरांवरील मजकुरात तो ठायी ठायी जाणवतो. वाचकाच्या मनात आरोपी क्रमांक राहत नाही. जमिनीसाठी आणि कच्च्या कैद्यांसाठी झिजलेला म्हातारा राहतो. साहित्याने पाळतीला द्यावयाचे उत्तर हेच, असे मला वाटते.

दोष नाहीत असे नव्हे. चरित्रनायकांविषयीची आत्मीयता कित्येक ठिकाणी इतकी दाट होते की, जो प्रश्न एखादा कठोर वाचक विचारील तो लेखिका विचारीत नाहीत. ग्रंथ विस्तृत आहे आणि परदेशी वाचकाला समजावून सांगण्याच्या भरात आपल्याला परिचित गोष्टी पुन्हापुन्हा येतात. परंतु माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. संगणकातील घुसखोरीचा भाग शोधकथेच्या वेगाने सरकतो. ‘घुसखोर कोण?’ ह्या प्रश्नाने वाचक खिळून राहतो, आणि ‘हत्यार विकले कोणी, कोणत्या विवेकाने?’ हा प्रश्न मागे पडतो. चोराच्या पाठलागात शिडीवाला बाजूने निघून जातो.

फादर स्टॅन ह्यांच्या आत्मकथनाची जात वेगळी. त्यात शोधकथा नाही आणि सजावटही नाही. आदिवासींच्या जमिनीचे, ग्रामसभेच्या हक्कांचे, तुरुंगात सडणाऱ्या तरुणांचे मुद्दे एकामागून एक मांडत ते जातात. कोठे कोठे हे लेखन टिपणासारखे कोरडे वाटते, आणि आत्मकथनात ‘आत्म’ थोडा कमीच आहे. पण सारे वजन शीर्षकात आहे. मूक प्रेक्षक न राहणे म्हणजे काय? शिडी आपण धरलेली नाही, एवढे पुरेसे नाही. शिडी लागलेली दिसली तर ओरडले पाहिजे.

ह्या विक्रेत्याचा शोध घेत मी एका जुन्या कादंबरीकडे परतलो. जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ (१९४९) ही पाळतीवरची सर्वांत नावाजलेली कादंबरी. सर्वसाधारण वाचकाला तिच्यातील सर्वसत्ताधीश ‘बिग ब्रदर’ आठवतो. तिच्यात एक दुकानदारही आहे, ह्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मिस्टर चॅरिंग्टन हे त्याचे नाव. जुन्या वस्तू विकणारा, मृदू बोलणारा, वयस्क दिसणारा गृहस्थ. नायक त्याच्याकडून कोरी वही घेतो, काचेचा एक सुंदर गोळा घेतो, आणि शेवटी दुकानावरची खोली भाड्याने घेतो. कारण तेथे पाळतीचा पडदा नाही. भिंतीवर एका चर्चचे जुने चित्र टांगलेले असते. अटकेच्या क्षणी उलगडा होतो : पडदा त्या चर्चच्या चित्रामागेच होता आणि दुकानदार विचार-पोलिसांचा माणूस होता. ऑर्वेलची प्रतिभा येथे थक्क करते. परंतु आजचे वास्तव त्याच्याही पुढे गेले आहे. त्याच्या कथेत पोलीस दुकानदाराचे सोंग घेतो. आज सोंगाची गरज उरलेली नाही. दुकानदार खरोखरीचा दुकानदार आहे; त्याचे भागधारक आहेत, ताळेबंद आहे, वकील आहेत. आणि पाळतीचा पडदा सरकारने भिंतीवर ठोकलेला नाही. तो आपण हप्त्यांवर विकत घेतो आणि रात्री उशाशी घेऊन झोपतो.

हा विक्रेता आजचा नव्हे, हे एडविन ब्लॅक ह्यांच्या ‘आयबीएम अँड द होलोकॉस्ट’ (२००१) ह्या ग्रंथात सविस्तर आले आहे. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या जर्मन शाखेने हिटलरच्या राज्याला भोके पाडलेल्या पत्त्यांची मोजणीयंत्रे पुरविली, आणि १९३३ च्या जनगणनेत ती वापरली गेली. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन ह्यांनी १९३७ मध्ये हिटलरच्या राजवटीकडून पदक स्वीकारले. ते त्यांनी परत केले १९४० मध्ये. ब्लॅक ह्यांच्या काही निष्कर्षांवर इतिहासकारांत वाद आहे. पण त्या ग्रंथातला एक माणूस माझ्या मनातून जात नाही. रेने कार्मिय हे फ्रान्सच्या लोकगणना खात्याचे प्रमुख. त्यांच्या पत्त्यांवरील अकराव्या रकान्यात व्यक्ती ज्यू आहे की नाही हे नोंदवायचे होते. कार्मिय ह्यांनी त्या रकान्यात भोके पडूच दिली नाहीत आणि कामाची दिरंगाई केली. १९४४ मध्ये त्यांना अटक झाली. जानेवारी १९४५ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. तीच यंत्रे, तेच पत्ते. परंतु शिडी धरणारा एक हात सुटला. साधन निर्जीव असते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. साधनामागे नेहमी कोणीतरी उभा असतो.

आता आमच्या साक्री तालुक्यातील एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. कारण ‘पाळत वाईट’ एवढे म्हणून मोकळे होण्याचा अधिकार आम्हां पिंपळनेरकरांना नाही. १ जुलै २०१८. रविवार. राईनपाड्याचा बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजारच्या दिवशी तेथे उतरले होते; घरे त्यांची दूर, सोलापूरच्या मंगळवेढ्याकडची. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा कित्येक दिवस मोबाइलवरून ह्या भागात फिरत होती. एका लहान मुलीशी कोणी बोलल्याचे निमित्त झाले आणि गर्दी जमली. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. ज्यांनी मारले तीही आमच्याच भागातली, रविवारी बाजाराला येणारी माणसे होती. त्या खोलीचे नाव निघाले की आजही येथे बोलणे थांबते.

ह्या व अशा हत्यांनंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत सरकारने अशी तरतूद केली की, गंभीर गुन्ह्यांच्या तपासात संदेश प्रथम कोणी पाठविला हे मोठ्या कंपन्यांनी शोधून द्यावे. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एका पत्राचा उगम सांगायचा तर प्रत्येक पत्रावर खूण करून ठेवावी लागेल, आणि मग कोणाचेच पत्र बंद राहणार नाही, असा तिचा युक्तिवाद आहे. केवळ गंभीर गुन्ह्यांपुरतेच मागतो, असे सरकारचे म्हणणे.

वाचकहो, राईनपाड्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला सरकारचे म्हणणे पटकन पटते. माझे स्वतःचे मत प्रथम तेच होते. पाच जीव गेले. आमची पत्रे उघडा, काय हवे ते वाचा, पण पुन्हा असे होऊ देऊ नका, असे मन म्हणे. शाह ह्यांचा ग्रंथ वाचताना हे मत डळमळले. त्या ग्रंथाचा विषय भीमा कोरेगाव आहे, राईनपाडा नव्हे. राईनपाड्याला त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते उत्तर आपणच शोधले पाहिजे. मला ते असे दिसते.

त्या अफवेचा पहिला लेखक कळला असता तर ते पाच जण वाचले असते का? उगमाचा शोध घटना घडल्यावर लागतो. अफवेला बळ मिळाले ते तिच्या वेगाने. एका अंगठ्याच्या दाबाने ती शेकडो घरांत जात होती. जुलै २०१८ मध्येच कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, अशी मर्यादा घातली. पुढे ती जगभर लागू केली, आणि त्यामुळे पुढे धाडले जाणारे संदेश २५ टक्क्यांनी घटले, असे तिने सांगितले. ह्या उपायाला कोणाचे एकही पत्र उघडावे लागले नाही. मग तो पाच बळींच्या आधी का सुचला नाही? कारण वेग हाच ह्या धंद्याचा नफा होता. तेव्हा ह्या कंपनीलाही साधुत्व बहाल करण्याचे कारण नाही. एनएसओच्या दाव्यात तिने शिडी ओढून काढली हे खरे. परंतु राईनपाड्याच्या वेळी अफवेच्या खिडकीला लागलेली शिडी तिचीच होती.

दोन्ही प्रसंगांच्या तळाशी एकच वस्तू आहे : संशय. राईनपाड्यात तो फुकट वाटला गेला. संगणकांच्या बाबतीत पैसे देऊन विकत घेतला गेला. आणि त्याचा बळी ठरावा अशी माणसेही ठरलेली असतात : भटका, आदिवासी, आदिवासींच्या बाजूने बोलणारा. मराठी साहित्याला ही पाळत संगणक येण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले, त्यांच्या नोंदी ठेवल्या, हजेरी लावली. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण नजर गेली नाही. लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या आत्मकथनाचे प्रत्येक पान ह्या नजरेखाली लिहिलेले आहे. डवरी गोसाव्यांच्या झोळीकडे संशयाने पाहायला आमच्या गर्दीला कोणी शिकविले, ह्याचा एक धागा त्या जुन्या हजेरीच्या वहीपर्यंत जातो, असे मला वाटते. राज्य ज्याच्यावर नजर ठेवते, त्याच्याकडे समाजही तसाच पाहू लागतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. ख्रिस्तसभेने ते १९६५ मध्येच म्हटले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ ह्या दस्तऐवजाच्या २६ व्या परिच्छेदात माणसाला अन्न, वस्त्र, निवारा ह्यांवर जसा हक्क सांगितला आहे, तसाच चांगल्या नावावर, सदसद्विवेकाप्रमाणे वागण्यावर आणि खासगी जीवनाच्या रक्षणावरही सांगितला आहे. पापनिवेदनाच्या जाळीआड बसणाऱ्या धर्मगुरूला त्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. माणूस मोकळेपणे बोलतो, कारण तिसरा कोणी ऐकत नाही. ती खात्री गेली तर पश्चात्तापही जातो आणि सल्लामसलतही जाते. आपल्या वकिलाशी बोलताना आरोपी चाचरू लागतो.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून दूरध्वनी आला. वसतिगृहातील मुलांच्या पालकांची नावे, गावे आणि मोबाइल क्रमांक हवे होते. मागणी तोंडी होती. कशासाठी, कोणत्या नियमाने, यादी पुढे कोणाकडे जाणार, ह्यांतले मी काहीही विचारले नाही. बोलणारा सौजन्याने बोलत होता आणि मला कटकट नको होती. त्याच संध्याकाळी यादी मोबाइलवरून धाडून दिली. त्यातून कोणाचे वाईट झाले असे मला आढळले नाही. झाले असते तरी मला कळले असते असे नाही. ती कुटुंबे डोंगरातल्या पाड्यांवरची. त्यांनी आपले क्रमांक मला दिले होते ते मूल आजारी पडले तर कळवावे म्हणून. मी कोणाचे धन घेतले नाही, कोणावर आरोप केला नाही. मी फक्त शिडी धरली. फळ्यावरच्या नोकराविरुद्ध तावातावाने भांडणारा विद्यार्थी मीच होतो.

म्हणून ह्या पुस्तकांतील विक्रेत्यांना दोष देताना माझा आवाज फार चढत नाही. पण दोष मी सोडत नाही. नीतिशास्त्र हेतूतील सहकार्य आणि कृतीतील सहकार्य असा भेद करते. पाळतीचे हत्यार विकणारा म्हणतो, माझा हेतू निर्मळ आहे. मानले. परंतु कृतीतील सहकार्यातही काही प्रश्न सुटत नाहीत. आपण कृत्याच्या किती जवळ उभे आहोत? आपल्या हाताशिवाय ते घडले असते का? होणारी हानी किती मोठी आहे, आणि आपल्या बाजूला ठेवलेले कारण तिच्या तोडीचे आहे का? चाकरीचे भय हे कारण १६७९ मध्ये पुरेसे ठरले नाही. नफा हे कारण आज कसे पुरेसे ठरेल?

वाचकांनी ही दोन्ही पुस्तके मिळवून वाचावीत. शाह ह्यांचा ग्रंथ सावकाश, महिनाभर पुरवून. फादर स्टॅन ह्यांचे आत्मकथन एका बैठकीत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी ते इंग्रजीतून वाचून आजीआजोबांना आपल्या भाषेत सांगावे. आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या हातांकडे एकदा पाहावे. एखादा भडक संदेश पुढे धाडण्यापूर्वी, एखादी यादी कोणाच्या हवाली करण्यापूर्वी, ‘मला काय त्याचे’ म्हणण्यापूर्वी.

माझ्या कपाटात त्या यादीची मूळ वही अजून आहे. परवा पुन्हा तशीच मागणी आली. मी म्हटले, ‘‘साहेब, लेखी पत्र पाठवा, कोणत्या नियमान्वये मागता ते त्यात लिहा. मी पालकांना वाचून दाखवीन.’’ पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग दूरध्वनी ठेवला गेला. पत्र अद्याप आलेले नाही.